मामाचं गाव मुलुंड

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन मुंबईला चालले आहे म्हटल्यावर नाशिकमध्ये ज्याला त्याला ठिकाणं सुचायला लागली. राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट, चौपाटी, तारांगण, जुहू. शेजारच्या काकूंनी तारापोरवाला मत्स्यालयही सांगितलं, जे आता बंद आहे. (काकू शेवटच्या मुंबईला गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. आता त्यालाच दोन मुलं आहेत.) मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मुलुंडला पोचल्यावर वही वहिनींपुढे ठेवली. वहिनींची नोकरी फोर्टात, त्यामुळे मुलुंड ते सीएसएमटी हा त्यांचा रोजचा रस्ता. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कुठे जायचं ते तुझं तू ठरव गं. अकराच्या आत घर सोडायचं नाही आणि परतीच्या गाडीत पाचच्या आत बसायचं. त्यात मावेल तेवढं बघा."

ओवी साडेचार वर्षांची आहे. भाऊबीजेला दादा आमच्याकडे यायचा, पण यंदा त्याला रजा मिळाली नाही, म्हणून ओवाळायला मीच निघाले. तिच्या बाबांना दिवाळीत दुकान सोडता येत नाही. म्हणजे मी, ओवी आणि एक बॅग. पंचवटी एक्स्प्रेसचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच करून टाकलं होतं. दिवाळीच्या आठवड्यात नंतर बघू म्हणणाऱ्यांचं काय होतं ते मी दरवर्षी नाशिकरोडच्या फलाटावर बघते. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग त्याला जागाही मिळत नाही. तीन तास मांडीवर घेऊन बसायची माझी तयारी नव्हती, म्हणून पूर्ण तिकीट काढून तिला वेगळी सीट घेतली. सासूबाईंच्या मते हा शुद्ध उधळेपणा. इगतपुरीच्या पुढे घाट लागला, बोगद्यात डबा अंधारला की ओवी "गेलंऽऽ" आणि उजेड आला की "आलंऽऽ" असं ओरडत खिडकीशी गुडघ्यांवर बसून होती. ही करमणूक माझ्या मांडीवर चालली असती तर माझ्या गुडघ्यांचं काय झालं असतं, ते सासूबाईंना कोण सांगणार.

मुलुंडला पंचवटी थांबत नाही. ठाण्याला उतरायचं, तिथून मुलुंड एकच स्टेशन. पण सणाचा दिवस असूनही फलाट भरलेला होता. दादा घ्यायला आला होता, त्याने सरळ रिक्षा केली. मुलुंडला रिक्षा मिळते हे आमच्यासारख्यांच्या सवयीचं. शीव आणि वांद्र्याच्या पलीकडे दक्षिणेला मात्र रिक्षा दिसत नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी नाहीतर बस. मूल दमून झोपलं की ही गोष्ट अचानक फार महत्त्वाची होते.

आता वहिनींचा हिशेब. मुंबई सकाळी दक्षिणेला जाते आणि संध्याकाळी उत्तरेला परत येते. बदलापूर, आसनगाव, कल्याणहून सुटलेल्या फास्ट गाड्या मुलुंडला येतात तेव्हा त्यात पाय ठेवायला जागा नसते. अकरानंतर गर्दी ओसरते, बारानंतर बसायला मिळतं. परतीचं याच्या उलट. मधले पाच-सहा तास मोकळे, त्यातून एक-एक तास जाण्यायेण्यात. म्हणजे हातात राहिले चार. साडेचार वर्षांच्या मुलीचा दम साधारण तेवढाच असतो, त्यामुळे गणित जमतं. वहीतल्या यादीतलं एका दिवशी एकच ठिकाण, फार तर त्याच्या शेजारचं दुसरं. पहिल्याच रात्री मी जुहू आणि तारांगणावर काट मारली.

दुसरा नियम, फास्टचा मोह धरायचा नाही. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल एक स्टेशन आधी निघालेली असते, मुलुंडला ती जवळजवळ रिकामी मिळते. फास्ट वीसेक मिनिटं वाचवते, पण मधूनच गच्च भरून येते आणि उतरताना दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकावं लागतं. मूल कडेवर, बॅग पोटावर अशा अवस्थेत त्या वीस मिनिटांना काही किंमत नसते. दादा या बाबतीत वेगळ्या मताचा आहे. त्याच्या मते स्लोने जाणारी माणसं आयुष्यात काही करत नाहीत. वहिनींनी त्याला बाजारात पाठवलं.

तिसरा नियम चढण्या-उतरण्याचा आणि यात वहिनी अजिबात हसत नव्हत्या. गाडी पुरती थांबल्याशिवाय हलायचं नाही. मुलीला चालत चढवायचं नाही, उचलूनच घ्यायचं, कारण फलाट आणि डब्याच्या मधली फट काही स्टेशनांवर मोठी असते. दोन मोठी माणसं असतील तर एकाने आधी चढायचं, मग मूल, मग दुसऱ्याने. एकटी असशील आणि दारात गर्दी दिसली तर ती गाडी सोडून द्यायची, चार-पाच मिनिटांत दुसरी येते. ओवीच्या फ्रॉकच्या खिशात मामाचा आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी पिनेने टाचली. रेल्वेसाठी 139 आणि मुलांसाठी 1098 हे दोन नंबर माझ्याही फोनमध्ये घातले. "तू गाडीत राहिलीस आणि आई बाहेर राहिली तर काय करायचं?" असं मामीने तिला रोज सकाळी विचारायचं आणि ओवीने "मावशीला सांगायचं, पुढच्या स्टेशनला उतरायचं, तिथंच उभं राहायचं," असं घडाघडा म्हणायचं. ती वेळ आली नाही. पण पोटात गोळा घेऊन फिरण्यापेक्षा हे रोजचं पाठांतर बरं.

लेडीज डब्याबद्दल मी भरपूर ऐकलं होतं, बहुतेक भांडणांचंच. मूल बरोबर असलं की त्या डब्याचा नूर वेगळा असतो. आम्ही चढलो तेव्हा तीन जणींच्या बाकावर तिघी बसल्या होत्या. त्यातल्या कडेच्या बाईंनी मान वर न करता स्वतःला जरा आत ढकललं आणि चौथी सीट तयार झाली. चौथी सीट म्हणजे अर्धं अंग बाकावर आणि अर्धं हवेत. तिथे मी टेकले. ओवीला समोरच्या खिडकीतल्या मुलीने न विचारता मांडीवर घेतलं आणि पुन्हा कानात इअरफोन घालून ती आपल्या फोनमध्ये गेली. कुठल्या गावचे, नाव काय, शाळा कुठली, यातलं काहीच नाही. आमच्याकडे एसटीत एवढ्यात आमचं कूळ निघालं असतं. मला ते न बोलणं आवडलं.

प्रश्न एकच विचारतात, "कुठे उतरणार?" हा चौकशीचा प्रश्न नाही, जागेच्या बुकिंगचा आहे. घाटकोपर म्हणालात की विचारणारी तुमच्यासमोर येऊन उभी राहते, तुम्ही उठलात की ती बसते, आणि मध्येच तिसरी बसली तर डब्याची प्रसिद्ध भांडणं सुरू होतात. ओवीला हा खेळ एवढा पटला की घरी मामा सोफ्यावर बसला की ती जवळ जाऊन विचारायची, "मामा, कुठे उतरणार?"

मग क्लिपा विकणारी आली. हातात तारेच्या मोठ्या कड्याला लटकवलेली कानातली, क्लिपा, टिकल्यांची पाकिटं, रबरबँड. दारातल्या गर्दीतून ती कशी सरकते हे बघण्यासारखं असतं. ओवीपुढे तिने तो सगळा पसारा थांबवला. दहा रुपयांच्या फुलपाखराच्या क्लिपा निवडायला विक्रोळी ते कुर्ला एवढा वेळ लागला. मांडीवर घेणाऱ्या मुलीने इअरफोन काढून निवाडा दिला, "पिवळ्या घे." त्या प्रवासातलं तिचं हे एकमेव वाक्य. सायनला ती उतरली.

गाडीतल्या घोषणा तीन भाषांत होतात. ओवीला मराठीतली तेवढी पाठ झाली. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार इथपर्यंत ती नुसती मागोमाग म्हणायची, पण "पुढील स्टेशन, चिंचपोकळी" आलं की तिला हसू फुटायचं, दरवेळी तितकंच. हा शब्द कुणी मोठ्या माणसाने गंभीर आवाजात म्हणावा याचंच तिला नवल. मी मुंबईत जी काही ठिकाणं तिला दाखवली त्यांच्याविषयी आता विचारलं तर ती चिंचपोकळी सांगते. तिथे आम्ही उतरलोच नव्हतो.

राणीच्या बागेला जायचं तर भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. स्टेशनवर जरा थांबून बघावं. जुनी इमारत डागडुजी करून तिच्या मूळ रूपात आणली आहे आणि त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आहे. बाग बुधवारी बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. यंदा पाडवा बुधवारी होता, म्हणजे भाऊबीजेच्या दिवशी कुलूप. हे वहिनींच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आमची फेरी वाचली. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सी असो की बस, कुणालाही राणीची बागच म्हणावं लागतं.

सुट्टीत पेंग्विनसाठी रांग असते. रांगेत ओवीने एक बिस्किटाचा पुडा संपवला. आतला भाग थंडगार असतो, काचेपलीकडे पाणी आणि खडक. हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले आणि 2017 पासून लोकांना बघायला खुले. रांगेत माझ्या मागचे गृहस्थ आपल्या नातवाला, "हे बर्फात राहतात," असं समजावत होते आणि नातू बर्फ शोधत होता. खरं म्हणजे ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची, तिथल्या समुद्रात थंड प्रवाह वाहतो म्हणून ती तिथे टिकते. बर्फाशी तिचा संबंध नाही. आजोबांना मी काही बोलले नाही. काचेजवळ फार वेळ थांबू देत नाहीत, पण एक पेंग्विन नेमका ओवीच्या समोर पाण्यात सूर मारून गेला आणि रांगेचे पैसे फिटले.

पेंग्विनपेक्षा मला ती बाग झाडांसाठी आवडली. पन्नास एकरांहून मोठी जागा, ऑक्टोबरचं ऊन आणि वर दाट सावली. गोरखचिंचेचा बुंधा बघून ओवीने त्याला मिठी मारायचा प्रयत्न केला. आम्ही दोघींनी हात जोडले तरी निम्म्यालाही पुरलो नाही. कैलासपतीची फुलं खोडातूनच येतात आणि गोल जड फळं खोडालाच लटकतात, हे तिला पटेना, कुणीतरी बांधून ठेवली असतील असं तिचं म्हणणं. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात आपण आत शिरून चालतो आणि पक्षी डोक्यावरून उडतात, ते मात्र लगेच पटलं. पाणघोडा सबंध वेळ पाण्यात होता, नाक आणि कान तेवढे बाहेर. वाघ झोपला होता. वाघ नेहमी झोपलेलाच असतो, तेवढं गृहीत धरून जावं.

घारापुरीला न्यायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली होती. गेटवेहून बोटीने जायला एक तास, यायला एक तास, धक्क्यापासून पुढे चालणं, मग शंभराहून जास्त पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. दादाचं म्हणणं, लेणी पाहिल्याशिवाय मुंबई कसली. मला ओवीचं वजन माहीत आहे. त्या पायऱ्या खाली येताना ती माझ्या कडेवर असणार हे लिहून द्यायला मी तयार होते. मोठी त्रिमूर्ती चार वर्षांनीही तिथेच असेल.

आणि घारापुरीतलं ओवीच्या कामाचं सगळ्यात मोठं नग राणीच्या बागेशेजारीच उभं आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती आहे. हा मुळात घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याच्यामुळेच बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा बेत होता, उचलताना तो तुटला आणि तुकडे मुंबईतच राहिले; 1914 मध्ये ते जोडून पुन्हा हत्ती उभा केला. सांधे अजून दिसतात. ओवीला ही गोष्ट बागेतल्या सगळ्या जिवंत प्राण्यांपेक्षा जास्त आवडली, कारण तिचंही एक लाकडी घोड्याचं खेळणं तुटून फेविकॉलने चिकटवलेलं आहे. "याला कुणी चिकटवलं?" हा प्रश्न परतीच्या गाडीत परळपर्यंत चालला.

परतीचं सांगते. भायखळ्याला मुलुंडकडे जाणारी गाडी येते तेव्हा ती सीएसएमटीहूनच भरून आलेली असते. त्यामुळे आम्ही उलट्या गाडीने आधी सीएसएमटीला गेलो आणि तिथून सुटणाऱ्या रिकाम्या ठाणे स्लोमध्ये खिडकी धरली. भायखळ्याचं रिटर्न तिकीट काढून मात्र असं फिरू नये, टीसी धरतो आणि बरोबरच धरतो.

सीएसएमटी मी ओवीला प्राणिसंग्रहालय म्हणूनच दाखवलं. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पीने आखलेली ही इमारत, 1878 ला काम सुरू होऊन दहाएक वर्षं चाललं, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत, हे सगळं तिच्या दृष्टीने बिनकामाचं. पण भिंतींवर मोर, माकडं, खारी कोरलेल्या आहेत आणि फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलाय, हे सांगितल्यावर ती मान वर करून शोधायलाच लागली. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे आपण. हा वाघ झोपलेला नाही याची तिने आवर्जून नोंद घेतली. मुलांना तिथे न्यायचं तर समोर महापालिकेच्या बाजूच्या कडेला उभं राहावं. स्टेशनच्या दारात थांबाल तर माणसांचा लोंढा तुम्हाला बाजूला सारतो.

गेटवेला गेलो त्या दिवशी तिथूनच दुमजली बस धरली. माझ्या लहानपणच्या डबलडेकरला वर पुढच्या खिडकीला काच नसायची, वारा थेट तोंडावर यायचा. त्या डिझेलच्या गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाल्या. आताच्या विजेवर चालतात, एसी आहेत, खिडक्या बंद. मी जरा हिरमुसले. ओवीला तुलना करायला काहीच नव्हतं. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसून एखादी फांदी काचेला घासत गेली की ती खाली वाकायची. मुलांसाठी मुंबईतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी कार्यक्रम मला विचाराल तर हाच. शनिवार-रविवारी वरची पुढची सीट मिळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी मिळते.

गेटवेला आम्ही लांबची बोट न करता जवळची अर्ध्या तासाची फेरी केली. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली होती. ते डोक्यात असल्यामुळे मी आधी लाइफ जॅकेट मागितलं, लहान मापाचं. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या गळ्यातून निसटतं, ते घालून उपयोग नाही. लहान मापाचं मिळालं तेव्हाच बोटीत पाय ठेवला. पाण्यावरून गेटवे आणि ताज दोन्ही एकत्र दिसतात. राजा-राणी आले 1911 मध्ये आणि कमान पुरी झाली 1924 मध्ये, हे दादाने सांगितल्यावर ओवी म्हणाली, "मग ते कुठून आले?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी आम्ही मुंबईकडे तोंडही केलं नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि मुख्य मार्गावर तो पुष्कळदा माटुंगा ते मुलुंड असा येतो. दुपारी फास्ट गाड्या स्लोच्या मार्गावर वळवतात, सगळं उशिराने धावतं, आणि सगळ्या ठिकाणी सगळी मुंबई आपापली मुलं घेऊन आलेली असते. आम्ही रिक्षाने ठाण्याला तलावपाळीवर गेलो, बोटीत बसलो, मोठ्यांनी मिसळ खाल्ली, ओवीने पाव आणि दही. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघून याच ठाण्याला आली होती, हे दादाने आम्हाला दोनदा ऐकवलं.

सोमवारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. ते सोमवारीही उघडं असतं, आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणं बंद असतात म्हणून मी ते मुद्दाम राखून ठेवलं होतं. सीएसएमटीला लोकलमधून उतरून भुयारी मेट्रो धरली. ही मेट्रो कफ परेडपर्यंत पुरती सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, स्थानकं कोरी करकरीत, सरकते जिने लांबच लांब. ओवीची अपेक्षा होती की जमिनीखाली बोगदा म्हणजे पंचवटीसारखं "गेलंऽऽ, आलंऽऽ" करायला मिळेल. पण इथे "गेलं" झालं ते झालंच, उजेड काही येईना. ती कंटाळली. विज्ञान केंद्राच्या आवारात मात्र तिने दुपार काढली. आतल्या आरशांच्या दालनात आपलं तोंड लांबट, चपटं, उलटं बघून हसण्यात अर्धा तास गेला. बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन आणि मुंबईची जुनी ट्राम उभी आहे. मुंबईत ट्राम 1874 मध्ये घोड्यांवर सुरू झाली, 1907 मध्ये विजेवर आली आणि 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. माझी आजी दादरला ट्रामने उतरल्याच्या गोष्टी सांगायची. मी तिथे ट्रामपाशी जरा जास्त रेंगाळले, तेवढ्यात ओवी तिसऱ्यांदा घसरगुंडीवर जाऊन आली.

स्वच्छतागृहांचं बोलायलाच हवं, कारण आयांना दिवसभर डोक्यात तेच असतं. वहिनींचा नियम, स्वच्छतागृह दिसलं की लागली नसली तरी जायचं. मेट्रोची स्थानकं, विज्ञान केंद्र, राणीची बाग इथे सोय आहे, मेट्रोतली सगळ्यात स्वच्छ. लोकलच्या स्टेशनांवर पैसे देऊन वापरायची असतात, सुटे जवळ ठेवावेत, आणि स्टेशननुसार नशीब. रस्त्यावर मात्र भरवसा नाही. चौपाटीला जायच्या आधी चर्चगेटलाच उरकून घेतलं. पर्समध्ये टिश्यू, पेपर सोप, एक जादा चड्डी. पाणी घरचं. बर्फाचा गोळा चालणार नाही हे घर सोडतानाच सांगितलं होतं, त्यामुळे गिरगाव चौपाटीवर काला खट्टाच्या गाडीपाशी रडारड फक्त पाच मिनिटांची झाली. भेळ तिखट नको म्हणून सांगितली तरी तिखट आलीच. शेवटी कुरमुरे आणि शेव वेगळी मागून घेतली, ती तिने वाळूत बसून संपवली. दादरला साबुदाणा वडा आणि पीयूष मात्र एकदा मुद्दाम जाऊन खावं. पीयूषच्या ग्लासातलं तिने माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

म्हातारीचा बूट पुढच्या वेळेवर गेला. मलबार हिलच्या चढाला टॅक्सीच लागते आणि त्या दिवशी ओवी दुपारीच पेंगायला लागली होती. आम्ही चर्चगेटहून परत फिरलो. वहीतलं निम्म्याहून जास्त तसंच राहिलं.

परतीला पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते. यावरून दादा आणि वहिनींचं वाजलं. दादा म्हणे, ठाण्याला चढा, एक स्टेशन तर आहे, उगाच तासभर उलटं कशाला जायचं. वहिनी म्हणाल्या, संध्याकाळी सातच्या सुमाराला ठाण्याच्या फलाटावर, हातात बॅग, कडेवर मूल, गाडी थांबणार दोन मिनिटं आणि आपला डबा नेमका पुढे. शिवाय त्या वेळी सगळी मुंबई ठाण्याकडे येत असते. तू सीएसएमटीकडे जाशील तर गाडीत चिटपाखरू नसेल. सुरुवातीच्या स्टेशनावर गाडी उभी असते, सावकाश चढ, मुलीला खिडकीत बसव, बॅग वर टाक. मी वहिनींचं ऐकलं. मुलुंडला साडेचारला जी स्लो धरली तिच्यात खरंच शुकशुकाट होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात माणसं लटकत होती आणि आमच्या डब्यात ओवी तीन जणींच्या बाकावर आडवी होऊन फुलपाखराच्या क्लिपा मोजत होती. कुर्ल्याच्या पुढे वहिनींचा फोन आला, "जागा मिळाली का?"

"डबाच मिळाला," मी म्हटलं. मागून ओवी ओरडली, "मामी, कुठे उतरणार?"